सतरावी मूठ

धुळ्यात साक्री रोडच्या अंगाला पांझरा महाविद्यालयाचं मैदान आहे. रोज सकाळी सहाला तिथे शिट्टी वाजते आणि मागच्या वस्तीतल्या बाया त्या शिट्टीवर चहाचं आधण ठेवतात. नळाला एखाद दिवस पाणी येणार नाही, पण दिपमाला बोरसेची शिट्टी चुकायची नाही. वय चाळिशीला टेकलेलं, अंगात निळा ट्रॅकसूट, डोक्यावर उन्हानं विटलेली टोपी, आणि आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला जांभई देणारी पोरगी या टोकाच्या हाकेनं तोंड मिटते. कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघाची ही प्रशिक्षक. वस्तीत तिला कोणी प्रशिक्षक म्हणत नाही. 'चेंडूवाली मॅडम' म्हणतात, आणि तिला ते आवडतं.

ती स्वतः गोलकीपर होती. हे सांगावं लागत नाही, कारण कुठलीही वस्तू घ्यायला ती दोन्ही हात पुढे करते आणि घेतलेली वस्तू छातीशी ओढते. मग तो चहाचा कप असो की हजेरीचा कागद. चहानं ट्रॅकसूटचे दोन जोड बाद झाले, सवय गेली नाही. लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही, असं विचारणाऱ्या बायांना ती उलट विचारते, "तुमची पोरगी मैदानावर कधी पाठवताय?" मग विषय आपोआप बदलतो.

फुटबॉल तिला भुसावळनं दिला. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती भटूमामाकडे जायची. मामा रेल्वेत फिटर होता आणि रेल्वेच्या वसाहतीत तेव्हा पोरं जेवण विसरून फुटबॉल खेळायची. नऊ वर्षांची दिपमाला तीन दिवस मैदानाच्या कडेला बसून राहिली. चौथ्या दिवशी एक गडी कमी पडला, तेव्हा पोरांनी नाइलाजानं तिला आत घेतलं. "छोरी है, गोल में खडी कर दो," असं त्यांच्यातला थोरला म्हणाला. गोलात उभं राहणं ही त्यांच्या लेखी शिक्षाच होती. दोन चेंडू अंगावर बसले की ही रडत घरी जाईल, असा त्यांचा हिशेब. चेंडू बसले, नाकातून रक्त आलं, ती रडलीही. फक्त घरी गेली नाही. रडत रडतच तिनं तिसरा चेंडू अडवला, आणि तिथून पुढे आठ उन्हाळे त्या गोलात दुसरं कोणी उभं राहिलं नाही. भटूमामानं तिला एकच गोष्ट शिकवली. "भाची, चेंडूले भ्याऊ नको. तूच त्याले भ्याव घाल."

धुळ्यात वडील झुलाल बोरसे एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. बोलणं कमी, काम चोख. पोरीच्या चेंडूत ते डेपोतल्या कॉम्प्रेसरनं हवा भरून आणायचे, टायर दाबावा तसा अंगठ्यानं दाबून बघायचे आणि काही न बोलता तिच्या हातात द्यायचे. घरातलं बोलणं सगळं आईच्या, ताईबाईच्या, वाट्याला आलेलं. तिनं ते कधी वाया जाऊ दिलं नाही. पोरगी गुडघे फोडून आली की हळदही तीच लावायची आणि शिव्याही तीच घालायची, दोन्ही एकाच हातानं.

दिपमाला बीएच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा तिचा संघ विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्याला पोचला. धुळ्याच्या मुली त्याआधी कधी तिथवर गेल्या नव्हत्या. समोर भुसावळचा संघ, मैदान जळगावचं, वार सोमवार. आणि त्याच रविवारी घरी कानबाई बसली.

खानदेशाबाहेरच्या माणसाला हे थोडं सांगावं लागेल. कानबाई ही आमच्याकडे देवी खरी, पण तिचं येणं-जाणं माहेरवाशिणीचं. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरात बसते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीला जाते. तिच्यासाठी सुरतेपासून मुंबईपर्यंत पांगलेली माणसं घरी येतात. तिचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात, त्यासाठी गहू मुठीनं मोजतात. बोरश्यांच्या घरची रीत अशी, की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं एकेक भरगच्च मूठ टाकायची, त्यात हरभऱ्याची डाळ घालून दळायचं, आणि त्या पिठाचे रोट फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही, मग तो कितीही लाडका असो. लेकीच्या नावाची मूठ नसते, कारण लेक उद्या परक्या घरची. दिपमाला रोट पोटभर खायची, पण तिच्या नावाची मूठ कधी पडली नाही. तिला त्याचं वाईटही वाटलं नाही. यात वाईट वाटण्यासारखं काही आहे, हेच तेव्हा ठाऊक नव्हतं.

एरवी कानबाई आणि ही स्पर्धा यांची गाठ पडत नाही, कानबाई आधी होऊन जाते. पण त्या वर्षी अधिक महिना आला होता. श्रावण लांबला आणि देवी नेमकी अंतिम सामन्यावर येऊन बसली. रविवारी दुपारी दिपमालानं पिशवी भरायला घेतली तशी ताईबाई दारात आडवी उभी राहिली.

"कानबाई घरमा बठेल शे, नि तू जळगावले चेंडू खेळाले जाशी? काही वाईट व्हयनं ते कोण निस्तरी?"

दिपमालानं वडिलांकडे पाहिलं. झुलाल चेंडू घेऊन डेपोत गेले. तासाभरानं हवा भरून आणला, अंगठ्यानं दाबला आणि दाराशी ठेवून दिला. त्यांच्यानं तेवढंच झालं. सोमवारी सकाळी दिपमाला आरतीचं ताट घेऊन कानबाईच्या मागे पांझरेवर गेली. तिसऱ्या प्रहरी कोपऱ्यावरचे रिखबचंद शेठ स्वतः दुकान सोडून आले. फोन त्यांच्याच दुकानात होता. "बेटा, तीन गोलनं हरले," एवढं सांगून ते एक गोळ्यांची पुडी तिच्या हातात ठेवून गेले. गोलात बचावातल्या एका मुलीला, एका बॅकला, उभं केलं होतं. शेवटचं वर्ष असल्यामुळे दिपमालाला तो सामना पुन्हा मिळणार नव्हता, आणि सामन्यातून जो विद्यापीठाचा संघ निवडायचा होता तोही निवडून झाला.

ती आईशी भांडली नाही. तिथेच घोटाळा झाला. भांडण झालं असतं तर चार दिवसांत मिटलं असतं. न झालेलं भांडण एकोणीस वर्षं घरात राहिलं.

पुढे तिनं बी.पी.एड. केलं, प्रशिक्षकाचा कोर्स केला, पाच वर्षं अमळनेरला शाळेत कवायत शिकवली, सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या सामन्यांत शिट्टी वाजवली. एका गावात पंचगिरी करताना लोक सामना सोडून बाईमाणूस शिट्टी कशी वाजवते ते बघायला जमले, तेव्हा तिनं मध्यंतरात पुन्हा एकदा वाजवून दाखवली आणि म्हणाली, "बघून झालं असेल तर आता खेळ बघा." दहा वर्षांपूर्वी पांझरा महाविद्यालयात आली तेव्हा मुलींच्या संघात सात मुली होत्या. त्यातल्या दोघी नाव दिलं की हजेरी माफ होते म्हणून आलेल्या. त्या सातांच्या सोळा केल्या, दोनदा अंतिम सामन्यापर्यंत नेल्या. दोन्ही वेळा भुसावळनं हरवलं. तो चषक धुळ्यात कधी आलेला नव्हता. दिपमालाच्या टेबलामागच्या कपाटात मधला खण तिनं दहा वर्षं मोकळा ठेवला होता आणि शिपायाला त्यात कागद ठेवायला बंदी होती.

मोहिनी तिला सापडली ती टरबुजांत. तीन उन्हाळ्यांपूर्वी कापडण्याच्या रस्त्यावर एका मळ्याशी ट्रक भरत होते. टरबूज भरायची एक पद्धत असते. शेतापासून ट्रकपर्यंत माणसांची रांग उभी राहते आणि टरबूज हातोहात फेकत जातं. झेलणाऱ्यानं हात ताठ ठेवले की फळ फुटलंच. हात पुढे करायचे, आणि फळ हाताला लागता लागता छातीकडे मागे घ्यायचे. त्या रांगेच्या शेवटी ट्रकवर एक उंच, काटकुळी पोरगी उभी होती. खालचा गडी वाकडंतिकडं कसंही फेकी, ही डावी-उजवीकडे झुकून प्रत्येक फळ अलगद छातीशी घेई. दिपमालानं स्कूटर उभी केली आणि ट्रक भरेपर्यंत मोजलं. एकही फुटलं नाही.

"कितवीला आहेस गं?"

"बारावी दिली."

"निकाल लागला की धुळ्याला ये. फळापेक्षा चेंडू हलका असतो."

मळा मोहिनीच्या आजोबांचा, पुना आबांचा. आबा म्हणाले, "शिकाले जाई ऱ्हायनी ना? जाऊ द्या मंग. पण टरबूज भराले सुट्टीमा घरी येवानं, बरं का." तेव्हापासून दिपमालाच्या सरावात उन्हाळ्यात दहा टरबुजं असतात. पहिल्या वर्षी नियम होता की जिच्या हातून फुटेल तिनं ते सगळ्यांना कापून द्यायचं. पोरींनी एका सकाळीत दहाच्या दहा फोडली. दुसऱ्या वर्षीपासून फोडणारीला फक्त सालं मिळू लागली आणि झेलण्यात झपाट्यानं सुधारणा झाली.

यंदा संघ असा जमला होता की दिपमालाला रात्री झोपताना हसू यायचं. गोलात मोहिनी. बचावात उंचपुरी आयुषी. पुढे विधी, रिखबचंद शेठची नात, जी सूर्य मावळल्यावर पाणीही घेत नाही पण उजेड आहे तोवर वाऱ्याला ऐकत नाही. उपांत्य सामना चार गोलांनी जिंकला. अंतिम सामना पुन्हा भुसावळशी, पुन्हा जळगावला. आठवडा उरला असताना मोहिनी सरावानंतर बुटाची नाडी सोडत मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, सोमवारी आमच्या घरची कानबाई जाते. बसल्यापासून नदीला जाईपर्यंत घरचं माणूस उंबरा ओलांडत नाही. आबांनी सांगितलंय."

 ही तारीख दुसऱ्या कोणी नाही, दिपमालानं स्वतः दिली होती. जूनमध्ये जळगावला क्रीडाशिक्षकांची बैठक झाली, तेव्हा भुसावळच्या हितेंद्र सरांनी विचारलं होतं, "सणवार बघून घ्या हो, नाहीतर मुली येत नाहीत." आणि दिपमाला मोठ्या रुबाबात म्हणाली होती, "ऑगस्टचा शेवट ठेवा. कानबाई तोवर होऊन जाते." तिनं मागच्या वर्षीची तारीख धरली. अधिक महिना आला की सगळे सण महिनाभर पुढे जातात, हे खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बरं, अधिक महिन्यानं एकदा जिचा घात केला, तिनं तरी विसरू नये ना? पण तीच विसरली. माणूस ठेच लागलेल्या दगडाकडे बघायचं टाळतो आणि पुन्हा त्यालाच ठेचकाळतो.

तिनं हितेंद्र सरांना फोन केला. ते भले गृहस्थ. सगळं ऐकून हळूच म्हणाले, "मॅडम, मैदान मिळालंय, पंच बाहेरून यायचेत, पत्रं गेलीत. आणि तारीख तर तुम्हीच..."  

घरी ताईबाई सुपात गहू निवडत बसली होती. झुलाल जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात पुरुष उरला नाही, म्हणून सहा वर्षं ती एकट्या देवीच्या नावाची मूठ टाकायची. त्यात दोन रोट व्हायचे, एक मायचा, एक लेकीचा. दिपमालानं टोपी खुंटीला अडकवली आणि सगळं सांगितलं. तारीख, मोहिनी, आबा, स्वतःची चूक. सांगताना आवाज चढला नाही, पण शेवटी म्हणाली, "आई, त्या पोरीच्या जागी मी परत एका बॅकला उभं करणार. परत तसंच." एकोणीस वर्षांत त्या सोमवारचा घरात झालेला हा पहिला उच्चार. ताईबाई सुपातला खडा शोधत राहिली, आणि त्या सुपात खडा नव्हता.

शनिवारी दुपारी दिपमाला घरी आली तर आई नऊवारी नेसून, पायात चपला घालून दारात उभी. "चाल. कापडण्याले जावानं शे."

"कशाला?"

"त्या आबाले भेटाले. गाडी काढ, माले बठता येस."

पुना आबांच्या ओसरीवर कानबाईची तयारी चालू होती. भिंती सारवून झालेल्या, सुरतेहून आलेली नातवंडं अंगणात धिंगाणा घालत होती. आबांनी पाणी दिलं, चहा दिला आणि मग सरळ सांगितलं, "मॅडम, पोर तुम्हना शब्दबाहेर नही. पण आमना घरना नियम शे. कानबाई नदीवर जाई तवलोंग कोणी भायेर जात नही. आनि आमनी कानबाई गावमा शेवटली निंघस. मान शे तो. दहा-अकरा वाजतस." सामना दहाला सुरू होणार होता. 

ताईबाईनं कप खाली ठेवला.

"आबा, एकोणीस साल व्हयनात. याच सोमवारले मी मनी पोरले घरमा धरी ठेयं. ती गोलमा उभी ऱ्हाती ते जितती का हारती, माले माहीत नही. पण कानबाईनी माले काही सांगेल नव्हतं. मीच भ्यायनू, नि देवीनं नाव पुढे करं." तिनं पदर सारखा केला. "पोर माले एक शब्द बोलनी नही. बोलती ते बरं व्हतं. तुम्हनी मोहिनी बी बोलाव नही, आबा. अश्या पोरी बोलतीस नही."

दिपमाला जमिनीकडे बघत राहिली. डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात उचलला तर सगळ्यांना दिसलं असतं, म्हणून तिनं हात उचलला नाही. आईनं माफी मागितली नव्हती, पण परक्याच्या ओसरीवर बसून स्वतःची चूक मोजून दिली होती.

आबांनी मोहिनीकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "काय वं, तू नही गयी ते हारतीन का या?"

मोहिनीनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनं खरं सांगितलं, "हो आबा. हरू."

आबांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग उठले. "नियम मोडाव नही. पण मान मना शे, तो मी सोडू शकस. यंदा आमनी कानबाई बठ्ठासना पहिले निंघी. दिन निंघताच. मी स्वतः पोरले गाडीमा घाली लई येसू."

सोमवारी पहाटे धुळ्याहून संघाची बस निघाली. घरची कानबाई ताईबाई शेजारणींसोबत पांझरेवर नेणार होती. तिनं लेकीला दारातून हातानंच 'जा' केलं. जळगावच्या मैदानावर साडेनऊला पंधरा मुली उभ्या होत्या. पावणेदहाला मोहिनीचा फोन आला. कानबाई सहालाच निघाली, साडेसातला ते नदीवरून घरी आले, आबांच्या पुतण्याच्या पिकअपमध्ये बसले, आणि आता एरंडोलच्या पुढे ट्रकांच्या रांगेत अडकले आहेत. दहा वाजले. पंचांनी शिट्टी वाजवली. दिपमालानं आयुषीला गोलात उभं केलं. एका बॅकला.

भुसावळच्या मुली जातीच्या खेळाडू. चौदाव्या मिनिटाला त्यांनी डावीकडून चेंडू आणला, आयुषीनं हात ताठ केले, चेंडू तिच्या हातांना आपटून जाळ्यात गेला. शून्य-एक. आयुषी गोलात तोंड झाकून बसली. "उठ!" दिपमाला ओरडली. "फुटलं तर फुटलं. सालं नंतर खाऊ!" आयुषी रडता रडता हसली आणि उठली. त्यानंतरची दहा मिनिटं दिपमालानं कशी काढली ते तिचं तिला माहीत. तोंडातली शिट्टी चावून चावून तिचं टोक तुटलं.

चोविसाव्या मिनिटाला मैदानाच्या फाटकातून एक पिकअप थेट आत आली. पुढच्या सीटवरून पांढरी टोपी घातलेले पुना आबा उतरले, आणि मागच्या हौद्यातून मोहिनीनं उडी मारली. अंगात गोलकीपरचा हिरवा शर्ट, कपाळावर कानबाईचा मळवट. बदली झाली. आयुषी आपल्या जागी बचावात गेली. जाताना तिनं हातमोजे मोहिनीच्या हातात अक्षरशः कोंबले.

मग खेळ फिरला. मोहिनीनं पहिल्याच मिनिटाला एक जोराचा फटका छातीशी घेतला आणि आपल्या मुलींच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. मध्यंतराच्या तोंडावर विधीनं अर्ध्या मैदानातून चेंडू पळवला, दोघींना मागे टाकलं आणि जाळ्याच्या कोपऱ्यात मारला. एक-एक. उत्तरार्धात भुसावळनं जीव तोडून हल्ले केले, आपल्याही मुली मागे हटल्या नाहीत. बारा मिनिटं उरली असताना विधीनं कॉर्नर उचलला आणि गर्दीतून सगळ्यांच्या वर एक डोकं आलं. ते आयुषीचं. चेंडू डोक्याला लागून आत गेला, आणि जिनं गोल खाल्ला होता तिनंच तो फेडला. दोन-एक. दिपमाला उडी मारायला गेली आणि टोपीच उडाली.

शेवटचं मिनिट चालू होतं. भुसावळची सेंटर फॉरवर्ड एकटी निसटली, समोर फक्त मोहिनी. बारा पावलांवरून तिनं जो फटका मारला तो अडवायला बाकी कोणीही मुठी पुढे केल्या असत्या. चेंडू उसळून दुसरीच्या पायात गेला असता. मोहिनी उजवीकडे झुकली, हात पुढे केले आणि चेंडू लागता लागता छातीकडे मागे घेतला. त्याच्यावर पालथी पडली आणि पडूनच राहिली.

"टरबूज झेली लिधं रे पोरनी!" फाटकापासून पुना आबांचा आवाज मैदानभर घुमला, आणि पाठोपाठ पंचांची शेवटची शिट्टी वाजली.

त्या पुढचं दिपमालाला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. पंधरा-सोळा घामेजलेल्या अंगांखाली ती दबली होती. हितेंद्र सर हात मिळवून म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षीची तारीखही तुम्हीच द्या." विद्यापीठाच्या संघासाठी मोहिनी, विधी, आयुषी तिघींची नावं पुकारली गेली. चषक विधीच्या मांडीवर ठेवून बस धुळ्याला निघाली, आणि आबांची पिकअप पारोळ्यापर्यंत हॉर्न वाजवत तिच्या पुढे चालली. दिपमाला खिडकीशी बसून मोठ्यानं हसत होती, कारण नसताना, एकटीच. एवढा आनंद तिला झेपत नव्हता, आणि तो लपवायची तिला गरजही वाटत नव्हती.

पारोळ्याला आईचा फोन आला. "बठ्ठी पोरीस्ले घर लई ये. आनि लवकर ये, त्या जैननी पोरले दिन बुडाना पहिले जेवाले पाहिजे."

ऊन कलतं झालं होतं तेव्हा सोळा मुली ताईबाईच्या दोन खोल्यांत मांडीला मांडी लावून बसल्या. ताईबाईनं पत्रावळी मांडल्या. खीर आली, गंगाफळाची भाजी आली, आणि मग टोपलं उघडून तिनं वाढायला घेतले ते रोट.  दिपमालानं आईच्या मनगटाला धरलं.

"आई, रोट आहेत हे. बाहेरच्याला देत नाहीत ना."

"भायेरनं कोण शे आठे?" ताईबाईनं मनगट सोडवून घेतलं आणि पहिला रोट आयुषीच्या पत्रावळीवर ठेवला. "शनवारले कापडण्याहून वनू नि गहू मोजात. सोळा पोरी, सोळा मुठी. नावं तुना संघना फ्रीजवरना कागदवरथीन वाची वाची लिधात. आयुषीनी एक, विधीनी एक, मोहिनीनी एक..." सोळा नावं तिनं न चुकता म्हटली. "हारी येत्या तरी याच रोट खात्या."

"पण काकू, माझ्या घरीही रोट आहेत," मोहिनी म्हणाली.

"मंग दोन्ही घरना खाय. हात भलता लांब शेतस तुना."

खोलीत हशा पिकला. विधीनं खिडकीतून सूर्याकडे बघत भराभर घास घेतले. वाढता वाढता ताईबाई शेवटच्या पत्रावळीपर्यंत गेली, टोपल्यात हात घातला आणि एक रोट काढून दिपमालासमोर येऊन उभी राहिली. बाकीच्यांहून तो मोठा होता, कडेला थोडा जास्त भाजलेला, दिपमालाला लहानपणी आवडायचा तसा.

"देवीनी मूठ येगळी. ही सतरावी, तुना नावनी," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच खडा होता. "एकोणीस साल पहिले टाकाले पाहिजे व्हती."

दिपमालानं दोन्ही हात पुढे केले आणि रोट घेऊन छातीशी धरला.